नागपूरच्या बाकाबाईसाहेब भोंसले

नागपूर शहरांतील गांधीबाग हा भाग आमच्या पुष्कळ वाचकांस तेथील कापडाच्या बाजारामुळें ठाऊक आहे. खेड्यापाड्यांतील दुकानदार तेथूनच लुगडीं, धोतरें व कापडाचे गठ्ठे भरून नेतात. गांधीबाग हें नांव अर्थातच अलीकडचें आहे. परंतु ह्या भागाच्या एका बाजूस इतवारी व दुसऱ्या बाजूस महाल असून जवळच शुक्रवारी तलाव आहे. आणि ही सारी जुन्या नागपूरची भूमि होय. भोंसले राजांचा दरबार येथून हांकेच्या अंतरावर भरत असे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं ह्याच जुन्या वस्तींतून मारबतीची मिरवणूक निघते. एक मारबत पिवळी व दुसरी काळी असते. काळ्या मारबतीस शिव्याशाप देत गांवाबाहेर नेतात व जाळून टाकितात. ही काळी मारबत म्हणजे बाकाबाई, तिनें राज्य इंग्रजांच्या घशांत घातलें, म्हणून तिला दरसाल ही शिक्षा, असें लोक सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली ही चाल आजही चालू आहे. तथापि ही बाकाबाई कोण होती, तिनें काय केलें व काय केलें नाहीं, हें विचारल्यास शंभरांतील एकासही सांगतां येत नाहीं. एखाद्या माणसास दरसाल जाळावयाचें, तर त्याचा अपराध एकदां तरी नीट चौकशी करून पाहणें न्यायाचें आहे. म्हणून त्या राणीचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. तें सांगतांना नागपूरचें राज्य कसें उभें राहिलें व कसें मोडलें, हेंही ओघानेंच सांगावें लागेल.

भोंसल्यांचें हें घराणें मूळचें नागपूरचें नव्हे. १७०७ सालीं औरंगजेब बादशहा मरण पावला व त्याच्या कैदेंत वाढलेला शाहू सुटून दक्षिणेकडे येऊं लागला. हा खरा शाहू कीं कोणी तोतया, अशा संशयांत तेव्हां बरेच मराठे सरदार होते. परसोजी भोंसले ह्या सरदारानें शाहूबरोबर एका ताटांत जेवून तो संशय फेडिला, अशी कथा आहे. शाहूनें त्यास सेनासाहेब सुभा हा किताब व वऱ्हाडच्या मुलखांतील अधिकार दिला. पुढें ह्याच घराण्यांत पहिले रघूजी हे मोठे पराक्रमी पुरुष निघाले, आणि तो किताब त्यांच्याकडे आला.

त्या काळीं नागपुरांत गोंड राजांचें राज्य होतें. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद ह्यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं नागपूर शहर वसविलें. त्याच्या मागून चांद सुलतान ह्यानें शहरास तट घातला व जुम्मा तलाव, म्हणजे आजचा शुक्रवारी तलाव, करविला. चांद सुलतान मेल्यावर गादीच्या वारशाचा तंटा लागला, व त्याच्या विधवा राणीनें रघूजींस साह्यास बोलाविलें. रघूजी आले, त्यांनीं तंटा मिटविला, आणि मोबदला घेऊन ते परत गेले. परंतु भावाभावांतील कलह पुन्हा पेटला, तेव्हां १७४३ च्या सुमारास ते पुन्हा आले, ते राहण्यासाठींच आले. गोंड राजा बुऱ्हाण शहा ह्यास त्यांनीं नांवाचा राजा म्हणून ठेविलें, त्यास नेमणूक बांधून दिली, आणि खरी सत्ता आपल्या हातीं घेतली. शेताच्या राखणीस ज्याला बोलाविलें तोच शेताचा धनी झाला. वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. कारण पाऊणशें वर्षांच्या आंत तीच पाळी भोंसल्यांवर आली.

पहिल्या रघूजींनीं कर्नाटकापासून बंगाल्यापर्यंत स्वाऱ्या केल्या. १७५१ सालीं त्यांना कटकचा प्रांत मिळाला व बंगालच्या नबाबानें दरसाल बारा लाख रुपये चौथाई देण्याचें कबूल केलें. ह्या पराक्रमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंगालच्या खेड्यांत मराठी स्वारांनीं जी लूट केली तिची धास्ती तेथील आया पुढें कित्येक पिढ्या मुलांस निजवितांना घालीत असत. रघूजी १७५५ सालीं मरण पावले. त्यांच्या मुलांत गादीसाठीं वैर माजलें, व १७७५ सालीं पांचगांवच्या लढाईंत मुधोजीनें आपला सख्खा भाऊ साबाजी ह्यास ठार केलें. वडील भाऊ जानोजी ह्यांस मूल नसल्यामुळें त्यांनीं मुधोजीचा मुलगा दत्तक घेतला होता. तेच दुसरे रघूजी. दत्तक पुत्रानें गादी चालविणें ही ह्या घराण्यांत नवी गोष्ट नव्हती, हें येथें नमूद करून ठेवूं.

बाकाबाई ह्या दुसऱ्या रघूजींच्या राणी. राजाची त्यांच्यावर विशेष मर्जी होती, आणि राजवाड्याच्या आंतल्या कारभारांत त्यांचा शब्द चाले. त्यांच्या डोळ्यांदेखत ह्या राज्याचा पहिला मोठा पडाव झाला. १८०३ सालीं शिंदे व भोंसले ह्यांनीं मिळून इंग्रजांशीं युद्ध केलें. सप्टेंबरांत आसई, नोव्हेंबरांत अडगांव व डिसेंबरांत गाविलगड, असा तीन ठिकाणीं मराठ्यांचा पराजय झाला. १७ डिसेंबर रोजीं देवगांव येथें तह झाला, व भोंसल्यांनीं कटकचा प्रांत कंपनीस आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामास सोडून दिला. नागपुरांत इंग्रजांचा रेसिडेंट येऊन राहिला. राज्याचा मोठा भाग गेला, पण दरबाराचा थाट तोच राहिला. आणि त्या थाटाचा भार उरलेल्या मुलखांतील कुणब्यांच्या पाठीवर पडला. त्यांतच पेंढाऱ्यांच्या टोळ्या दरसाल मुलूख लुटीत येत. १८११ सालीं तर त्यांनीं नागपूरचीं पुरेंही जाळिलीं. आपल्या भागांतील कित्येक गांवीं मातीच्या पडक्या गढ्या दिसतात, त्या अशा भयाच्या दिवसांची आठवण होत.

२२ मार्च १८१६ रोजीं दुसरे रघूजी वारले. त्यांचा मुलगा परसोजी गादीवर बसला. पण तो शरीरानें व बुद्धीनें दुर्बळ असल्यामुळें कारभार दुसऱ्या कोणी चालविणें भाग होतें. राजाचा चुलतभाऊ मुधोजी, ज्यास लोक आप्पासाहेब म्हणतात, तो एका बाजूस होता. दुसऱ्या बाजूस बाकाबाई व खजिन्यावरील अधिकारी धर्माजी भोंसले हे होते. दुर्बळ राजा आपल्या ताब्यांत राहावा व आप्पासाहेबाचा हात गादीपर्यंत पोंचूं नये, अशी बाकाबाईंची खटपट होती. त्यांत स्वार्थ नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पुढें जें घडलें त्यावरून त्यांचें भय निराधार नव्हतें हें दिसून आलें. आप्पासाहेबानें थोड्याच आठवड्यांत धर्माजीस पकडून कैदेंत टाकिलें, व कैदेंतच त्याचा प्राण घेतला गेला. सारी सत्ता आप्पासाहेबाच्या हातीं गेली.

आपली ही नवी सत्ता पक्की करण्यासाठीं आप्पासाहेबानें कोणाचा आधार घेतला? इंग्रजांचा. मे १८१६ च्या अखेरीस, रात्रीच्या वेळीं व गुप्तपणें, त्यानें रेसिडेंट जेंकिन्स साहेबाशीं तैनाती फौजेचा तह केला. दुसरे रघूजी ह्या तहास मरेपर्यंत तयार झाले नव्हते. तैनाती फौजेचा अर्थ खेड्यांतील माणसास सहज कळेल. आपल्या शेतावर दुसऱ्याचा राखणदार ठेवावयाचा, त्याचा पगार आपल्या पिकांतून द्यावयाचा, आणि त्याच्या धन्यास विचारल्यावांचून शेजाऱ्याशीं बोलावयाचेंही नाहीं, असा हा करार होता. नागपूरनें दरसाल साडेसात लाख रुपये द्यावयाचे ठरले. राज्याचें स्वातंत्र्य ज्या कागदानें गेलें तो कागद हाच. आणि त्यावर संमति आप्पासाहेबाची होती, बाकाबाईंची नव्हती.

१ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजी आपल्या बिछान्यांत मरून पडलेला आढळला. आप्पासाहेब त्या वेळीं चांद्याकडे गेला होता. परंतु हा खून त्याच्याच इशाऱ्यानें झाला, असें पुढें उघडकीस आलें. तो गादीवर बसला. त्याच वर्षीं पुण्याचा पेशवा बाजीराव इंग्रजांवर उठला, तेव्हां आप्पासाहेबानेंही आपलें मन पालटलें व पेशव्याकडून आलेलीं सेनापतीचीं वस्त्रें धारण केलीं. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं सीताबर्डीच्या टेकडीवर घनघोर लढाई झाली. इंग्रजांची फौज थोडी होती, तरी तिनें टेकडी सोडिली नाहीं. १६ डिसेंबर रोजीं शहराजवळ दुसरी लढाई झाली व नागपूर पडलें. प्रथम इंग्रजांनीं पुष्कळसा मुलूख घेऊन आप्पासाहेबास गादीवर राहूं दिलें. पण त्याचे पेशव्याशीं निरोप चालूच आहेत असें दिसल्यावर मार्च १८१८ मध्यें त्यास कैद केलें. अलाहाबादेकडे नेत असतां वाटेंत तो शिपायाच्या वेषांत निसटला, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयानें कांहीं काळ लढत राहिला, आणि शेवटीं जोधपुरास १८४० सालीं मरण पावला.

आतां नागपूरची गादी रिकामी झाली. येथें थोडें थांबून, ज्यांस संस्थानें म्हणत तीं कशीं उत्पन्न झालीं, हें सांगणें जरूर आहे. कांहीं राज्यें, जशीं राजपुतान्यांतील, कंपनीच्या फार पूर्वीचीं होतीं, व त्यांनीं कंपनीशीं तह केले. कांहीं मोंगल बादशाहीच्या पडत्या काळांत सरदारांनीं तलवारीनें मिळविलीं. निजाम, शिंदे, होळकर व मूळचे नागपूरकर हे ह्या वर्गांतले. तिसरा वर्ग असा कीं जीं राज्यें कंपनीनें जिंकलीं व मग आपल्या हातानें पुन्हा उभीं करून एखाद्या मुलाच्या स्वाधीन केलीं. १७९९ सालीं टिपू पडल्यावर म्हैसूरच्या गादीवर वडियार घराण्यांतील लहान मुलास बसविण्यांत आलें. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यास प्रतापसिंह छत्रपतींस बसविण्यांत आलें. त्याच वर्षीं नागपूरही ह्या तिसऱ्या वर्गांत गेलें. पूर्वीं तलवारीनें मिळविलेलें राज्य आतां देणगी म्हणून परत आलें. देणगी दिलेली वस्तु देणारा परत मागूं शकतो काय, हा प्रश्न त्या दिवशीं कोणी विचारिला नाहीं. छत्तीस वर्षांनीं तो विचारला गेला.

दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा गुजर हा त्या वेळीं सुमारें दहा वर्षांचा होता. त्यास भोंसले घराण्यांत दत्तक घेऊन व रघूजी हें नांव देऊन, २६ जून १८१८ रोजीं गादीवर बसविण्यांत आलें. हेच तिसरे रघूजी. मुलाचा सांभाळ व राजवाड्याची व्यवस्था बाकाबाईंकडे देण्यांत आली, आणि राज्याचा सर्व कारभार जेंकिन्स साहेब राजाच्या नांवानें पाहूं लागले. नांवास राजप्रतिनिधि बाकाबाई होत्या, पण दफ्तर, फौज व खजिना रेसिडेंटाच्या हातीं होता. त्यांच्याकडे एक मूल, एक वाडा व एका घराण्याची लाज एवढेंच उरलें. तेवढें त्यांनीं स्वीकारिलें. नाकारिलें असतें तर साऱ्या मुलखावर त्याच वर्षीं कंपनीचें निशाण लागलें असतें, असें आम्हांस वाटतें.

जेंकिन्स साहेबांनीं सुमारें आठ वर्षें कारभार पाहिला. प्रांतोप्रांतीं इंग्रज सुपरिंटेंडेंट नेमिले, पाटलांशीं साऱ्याचे करार करविले, आणि छत्तीसगडाचें मुख्य ठाणें रतनपुराहून रायपुरास नेलें. १८२१ सालीं कामठीस छावणी बसली. पेंढारी नाहींसे झाले व रयतेस कांहीं वर्षें शांतता लाभली, हें मान्य केलें पाहिजे. राजे वयांत आल्यावर १ डिसेंबर १८२६ रोजीं तह होऊन कांहीं मुलूख त्यांच्या हातीं आला, व १८२९ च्या तहानें उरलेलाही आला. त्याच्या बदल्यांत त्यांनीं दरसाल आठ लाख रुपये कंपनीस देण्याचें कबूल केलें.

तिसरे रघूजी स्वभावानें वाईट नव्हते. तरुणपणीं ते कामांत लक्ष घालीत व लोकांत मिळूनमिसळून राहत. परंतु जसजशीं वर्षें गेलीं तसतसें दरबाराच्या कामांतून त्यांचें मन उडालें. कुस्त्या, पतंग, गंजिफा व नाचगाणें ह्यांत दिवस जाऊं लागले, पुढें मद्याचेंही व्यसन जडलें, आणि न्यायाच्या कामांत नजराण्याची अपेक्षा होऊं लागली. ज्या राजास शत्रु नाहीं, फौज नाहीं व परराज्याशीं व्यवहार नाहीं, त्यास करण्यासारखें काय उरतें? गादीची खरी जबाबदारी काढून घ्यावयाची व मग गादीवरचा मनुष्य निष्काळजी आहे म्हणून दोष द्यावयाचा, हा ह्या संस्थानी पद्धतीचा मोठा दोष होता. बाकाबाई ह्या सर्व काळांत वाड्यांत वडीलकीच्या नात्यानें होत्या.

ह्याच राजांच्या कारकीर्दींत, १८४५ सालीं, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लप हे ह्या प्रांतीं आले, व १८४६ सालीं त्यांनीं नागपुरांत शाळा घातली. राजवाड्यापासून फार दूर नसलेल्या त्या शाळेंत जें शिक्षण सुरू झालें त्याची फळें पुढें ह्या प्रांतांतील सर्व जातींच्या मुलांस मिळालीं. हिस्लप साहेबांनीं नागपूरचें राजाचें राज्य पाहिलें, तें जातांना पाहिलें, व पुढें १८६३ सालीं टाकळघाटाजवळ नदी ओलांडतांना बुडून त्यांचा अंत झाला.

११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी वारले. त्यांस पुत्र नव्हता, व जिवंतपणीं त्यांनीं दत्तकही घेतला नव्हता. हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें व महाराष्ट्रांतील चालीप्रमाणें विधवेस पतीच्या मागें दत्तक घेतां येतो, आणि नात्यांतील यशवंतराव आहेरराव हा मुलगा वाड्यांतील राण्यांच्या मनांत होता. परंतु त्या वेळचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी ह्यांनीं १८४८ सालीं साताऱ्याच्या बाबतींत जो नियम लावला होता तोच येथें लाविला. राज्य कंपनीनें दिलेलें आहे, दत्तकास कंपनीची मंजुरी पाहिजे, वारस नाहीं, म्हणून राज्य परत कंपनीकडे आलें, असा त्यांचा निर्णय २८ जानेवारी १८५४ च्या लेखांत नमूद आहे. नागपूरचे रेसिडेंट मॅन्सेल साहेब ह्यांनीं राजघराणें चालूं ठेवावें अशी शिफारस केली होती, व गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलांतील कर्नल लो ह्यांनीं खालसा करण्यास विरोध केला होता. त्या दोघांचें कांहीं चाललें नाहीं. सुमारें ७६,००० चौरस मैलांचा मुलूख व सेहेचाळीस लाखांवर प्रजा एका लेखणीच्या फटकाऱ्यानें कंपनीची झाली. ह्या मुलखांत उत्तम कापूस पिकतो व विलायतच्या गिरण्यांस तो पाहिजे आहे, ही गोष्टही त्या निर्णयाच्या वेळीं विसरली गेली नव्हती.

दत्तकाच्या प्रश्नांत न्याय कोणाकडे होता? दुसरे रघूजी स्वतः दत्तक होते, तिसरे रघूजीही दत्तक होते, आणि त्या तिसऱ्या रघूजींचें दत्तविधान तर कंपनीच्याच संमतीनें झालें होतें. १८१८ सालीं दत्तक घेतल्यानें घराणें चालतें व १८५४ सालीं चालत नाहीं, हें साध्या माणसास पटणें कठीण आहे.

ह्या वेळीं बाकाबाईंची सत्तरी उलटली होती. त्यांनीं व इतर राण्यांनीं तक्रारी केल्या, अर्ज केले; त्यांचा उपयोग झाला नाहीं. मग राजवाड्यांतील वस्तूंची मोजदाद सुरू झाली. पागेंतील घोडे, फीलखान्यांतील हत्ती, बैल व गाड्या सीताबर्डीच्या बाजारांत लिलांवानें कवडीमोल किंमतीस विकण्यांत आल्या. जामदारखान्यांतील जवाहीर कलकत्त्यास विक्रीसाठीं गेलें. आलेला पैसा घराण्याच्या नेमणुकांसाठीं ठेवण्यांत येईल असें सरकारनें सांगितलें. परंतु ज्या हत्तीवर राजाची स्वारी निघे तो हत्ती बाजारांत उभा केलेला पाहून नागपूरच्या लोकांस जी लाज वाटली ती पैशानें भरून येण्यासारखी नव्हती. वाड्यांतील सामान हलविण्याची वेळ आली तेव्हां, सामानास हात लावाल तर मी वाड्यास आग लावीन, असें वृद्ध बाकाबाईंनीं बजाविल्याचें त्या काळच्या इतिहासकारांनीं नमूद केलें आहे. राज्य विकणाऱ्या स्त्रीचें हें वर्तन नव्हे.

तीन वर्षांनीं १८५७ चें बंड झालें. १३ जूनच्या रात्रीं नागपूरजवळ टाकळी येथील घोडदळानें उठावें, असा बेत झाला होता, आणि शहरांतून आकाशांत पेटते फुगे सोडण्याची खूण ठरली होती. बेत वेळेआधीं फुटला व पुढाऱ्यांस फांशी झाली. त्या दिवसांत साऱ्या मराठी मुलखाचे डोळे राजवाड्याकडे लागले होते. राणीनें नुसती मान हलविली असती तर वैनगंगेपासून वर्धेपर्यंत आग पेटली असती, असें इंग्रज अधिकारीही मानीत. बाकाबाईंनीं मान हलविली नाहीं. उलट आपल्या आप्तांस व मानकऱ्यांस बोलावून, जो कोणी ह्यांत पडेल त्यास मी स्वतः सरकारच्या स्वाधीन करीन, अशी त्यांनीं ताकीद दिली. १८५८ सालीं त्या वारल्या.

पुढें सरकारनें हें वर्तन लक्षांत घेऊन यशवंतरावांचें दत्तविधान मान्य केलें. ते जानोजी ह्या नांवानें घराण्याचे मुख्य झाले, व त्यांस देऊरचे राजाबहादूर असा किताब मिळाला. देऊर हें साताऱ्याकडील गांव भोंसल्यांच्या जुन्या वतनाचें आहे. राज्य मात्र परत आलें नाहीं. १८६१ सालीं नागपूर हें मध्यप्रांताचें मुख्य ठाणें झालें, आणि १८६४ सालीं महालांतील भोंसल्यांचा थोरला वाडा आगींत जळून गेला.

आणखी एक विलक्षण गोष्ट सांगण्याजोगी आहे. बस्तर, कांकेर, नांदगांव, खैरागड वगैरे जे छत्तीसगडाकडील लहान राजे व जमीनदार नागपूरच्या भोंसल्यांस खंडणी देत, त्यांस इंग्रज सरकारनें पुढें संस्थानिक म्हणून मान्यता दिली. धन्याची गादी १८५४ सालीं गेली, व मांडलिकांच्या गाद्या त्यानंतर सुमारें चौऱ्याण्णव वर्षें, म्हणजे १९४८ सालीं तीं संस्थानें मध्यप्रांतांत विलीन होईपर्यंत, राहिल्या. म्हैसूरच्या राजाचा दत्तक तर १८६७ सालीं मान्य झाला व १८८१ सालीं राज्य परत मिळालें. तेव्हां कोणतें घराणें राहावें व कोणतें जावें, हें त्या घराण्याच्या पुण्यावर किंवा पापावर ठरलें नाहीं. तें वरच्या सत्तेच्या त्या त्या वेळच्या मनावर ठरलें.

आतां आरोपाकडे वळूं. इंग्रजांस नागपुरांत कोणी आणिलें? १८०३ च्या पराजयानें व १८१६ च्या आप्पासाहेबाच्या तहानें. ह्यांपैकीं दुसऱ्या गोष्टींत तर बाकाबाई आप्पासाहेबाच्या विरुद्ध पक्षाच्या होत्या. राज्य खालसा कोणी केलें? डलहौसी साहेबांनीं, बाकाबाईंच्या तक्रारी बाजूस सारून. राहिला १८५७ चा प्रश्न. तेथें त्या इंग्रजांच्या बाजूस राहिल्या हें खरें आहे, आणि तें लपविण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं आपलें राज्य घेतलें त्यांच्याविरुद्ध त्या कां उठल्या नाहींत, असें विचारणाऱ्यानें हेंही विचारावें कीं, चाळीस वर्षांपूर्वीं सीताबर्डीची लढाई जिनें पाहिली, व त्यानंतर शहराची झालेली दशा जिनें पाहिली, त्या वृद्ध स्त्रीनें दुसऱ्यांदां तोच डाव खेळावा अशी अपेक्षा करणें कितपत योग्य आहे? त्यांच्यापुढें एक दत्तक मुलगा होता व त्याचें भवितव्य होतें. त्यांनीं देशापेक्षां घर जवळचें मानिलें, असा दोष त्यांस देतां येईल. परंतु तो दोष त्या काळच्या बहुतेक राजघराण्यांचा होता, आणि त्यासाठीं एकट्या बाकाबाईंस जाळणें न्याय्य नव्हे.

लोकांस आपल्या दुःखाचें कारण एखाद्या चेहऱ्यांत पाहावेंसें वाटतें. तह, लेख व नियम जाळतां येत नाहींत. बाई जाळतां येते. सत्ता गेली ती पुरुषांच्या वैरामुळें, व्यसनामुळें व परक्यांच्या लोभामुळें गेली. दोष मात्र वाड्यांत राहिलेल्या विधवेच्या माथीं बसला. आमच्या खेड्यांतही असें होतें. घर बुडालें कीं सून अपशकुनी ठरते, पीक गेलें कीं एखाद्या म्हातारीवर करणीचा संशय येतो. आमच्या उपदेशकांनीं व पंचांनीं अशा प्रसंगीं, आरोप कोणी केला, पुरावा काय व खरें कृत्य कोणाचें, हे तीन प्रश्न धीरानें विचारावे. मेलेल्या माणसास आपली बाजू सांगतां येत नाहीं. म्हणून त्याच्याविषयीं साक्ष देणाऱ्यावर जिवंत माणसाविषयीं साक्ष देणाऱ्यापेक्षांही अधिक जबाबदारी आहे.